टर्बाइनवर मोटार चालवण्याची तयारी: ट्रकच्या टर्बोपासून बॅटरीपर्यंत

गॅस टर्बाइनवर मोटार चालते, हे इंग्लंडमधील रोव्हर कंपनीने १९५० साली ‘जेट-१’ या गाडीने दाखवून दिले. १९५२ मध्ये याच गाडीने बेल्जियममधील याब्बेके येथील सरळ रस्त्यावर ताशी सुमारे २४५ किलोमीटरचा वेग गाठला. पुढे क्रायस्लर कंपनीने १९६३ पासून टर्बाइनच्या ५० गाड्या सामान्य कुटुंबांना पाळीपाळीने वापरायला दिल्या. जानेवारी १९६६ पर्यंत २०३ जणांनी त्या रोजच्या कामासाठी चालवल्या आणि त्यांत डिझेल, केरोसीन अशी वेगवेगळी इंधने भरली. म्हणून ‘टर्बाइनवर गाडी चालेल का’ हा प्रश्न आता कोणी नव्याने सोडवण्याची गरज नाही. टर्बाइन गाडीत नेमके कोठे बसवावे, म्हणजे ते खाल्लेल्या इंधनाचा मोबदला देईल, हा खरा प्रश्न आहे. तो स्वतःच्या हातांनी सोडवून पाहू इच्छिणाऱ्या सोलापुरातील अभियांत्रिकीच्या अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी आणि जिज्ञासू गॅरेज व्यावसायिकांसाठी हे मार्गदर्शन लिहिले आहे. कामाचा क्रम असा ठेवावा: आधी कागदावर हिशेब, मग ट्रकच्या जुन्या टर्बोपासून (इंजिनात हवा कोंबणाऱ्या, एकाच दांड्यावर टर्बाइन आणि कंप्रेसर असलेल्या यंत्रापासून) तयार केलेले चाचणी-इंजिन, मग त्यावर भार, आणि शेवटी गाडीचा विचार.

टर्बाइनची शक्ती थेट चाकांना देण्याच्या मागे सुरुवातीला लागू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पिस्टन इंजिनाचा वेग सिग्नलवर कमी झाला की त्याचा इंधनखर्चही बराच उतरतो. टर्बाइनचे तसे नाही. त्याला स्वतःचा कंप्रेसर, म्हणजे हवा दाबणारा भाग, फिरवत ठेवावाच लागतो. क्रायस्लरच्या इंजिनाचा मुख्य दांडा गाडी उभी असतानाही मिनिटाला १८,००० ते २२,००० फेरे घेत असे आणि पूर्ण शक्तीला ४४,५०० फेऱ्यांपर्यंत जात असे. त्या दोन वेगांमधले अंतर कापायला वेळ लागतो, त्यामुळे पॅडल दाबल्यानंतर गाडी क्षणभर थांबून मग उचलते. सोलापुरात सात रस्त्यापासून जुन्या पुणे नाक्यापर्यंत जाताना गाडी जितक्या वेळा थांबते आणि निघते, तितक्या वेळा हे दोन्ही दोष समोर येतील. टर्बाइनला एकच एक भार आणि एकच एक वेग मानवतो. म्हणूनच टोयोटाने १९७७ साली टोकियोच्या प्रदर्शनात मांडलेली स्पोर्ट्स ८०० ही गाडी, व्होल्वोची १९९२ ची ईसीसी आणि टाटा मोटर्सच्या मालकीच्या जॅग्वारने २०१० साली दाखवलेली सी-एक्स७५ या तिन्हींमध्ये टर्बाइनला वीज तयार करण्याचे काम दिले होते आणि चाके विजेच्या मोटरीवर फिरत होती. आपण जे काही उभारू, ते याच मांडणीच्या दिशेने जाणारे असावे.

आधी कागद आणि गणकयंत्र

लोखंड कापण्यापूर्वी उष्णतेचा हिशेब मांडावा, कारण या विषयातील जवळजवळ सर्व निराशा हा हिशेब न केल्यामुळे पदरी येते. टर्बाइनमध्ये कंप्रेसर हवा दाबतो, ज्वलनकक्षात तिच्यात इंधन जळते, तापलेला वायू टर्बाइनचे चक्र फिरवतो आणि ते चक्र त्याच दांड्यावरील कंप्रेसरला फिरवते. एवढे करून जो दाब उरतो, तेवढाच आपल्या उपयोगाचा असतो.

उदाहरण म्हणून सेकंदाला ०.२५ किलो हवा घेणारा ट्रकचा टर्बो घेऊ. दाबगुणोत्तर (दाबलेल्या हवेचा दाब बाहेरच्या दाबाच्या किती पट, ते) २, कंप्रेसर आणि टर्बाइन या दोन्हींची कार्यक्षमता ७० टक्के, टर्बाइनमध्ये शिरणाऱ्या वायूचे तापमान ७२७ अंश सेल्सिअस आणि ज्वलनकक्षातील दाबाचा ऱ्हास ५ टक्के धरू. मे महिन्यातील सोलापूरची दुपार म्हणून बाहेरची हवा ४२ अंशांची, म्हणजे ३१५ केल्व्हिनची आहे. ती दुप्पट दाबाला नेताना आदर्श स्थितीत ६९ अंशांनी तापली असती. प्रत्यक्षात ती ९९ अंशांनी तापते आणि त्यासाठी सुमारे २५ किलोवॅट शक्ती खर्च होते. टर्बाइनने ही २५ किलोवॅट शक्ती कंप्रेसरला परत दिली की वायूचा दाब बाहेरच्या दाबाच्या जेमतेम १.११ पट उरतो. त्या दाबावर दुसरे टर्बाइन चालवले, तर हाती सुमारे साडेचार किलोवॅट येतात. ज्वलनकक्षात आपण मात्र १६० किलोवॅट उष्णता ओतलेली असते. म्हणजे एकूण कार्यक्षमता ३ टक्क्यांच्या खाली आहे आणि डिझेलचा खर्च ताशी सुमारे १६ लिटर आहे.

आता हाच हिशेब जानेवारीतील पहाटेच्या १५ अंशांच्या हवेसाठी करावा. कंप्रेसरचे काम ९९ अंशांऐवजी ९० अंशांवर येते, उरलेले दाबगुणोत्तर १.१७ होते, शिवाय थंड हवा सुमारे ९ टक्के अधिक दाट असल्यामुळे त्याच यंत्रातून अधिक वस्तुमान वाहते. दाबगुणोत्तर २ वरच स्थिर ठेवले, तर हाती येणारी शक्ती साडेसात ते आठ किलोवॅट होते. एकाच यंत्राची, एकाच गावातली, केवळ ऋतूमुळे दिसणारी ही तफावत आहे, आणि तिचे कारण समजून घेणे म्हणजे गॅस टर्बाइन समजून घेणे होय. दोन मोठ्या संख्यांच्या वजाबाकीतून आपली शक्ती निघते. त्यामुळे कंप्रेसरच्या खर्चात थोडी वाढ झाली तरी बाकी निम्म्यावर येते. त्यात सोलापूर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंचीवर आहे. तेथील ४२ अंशांच्या हवेची घनता प्रमाण हवेपेक्षा सुमारे १३ टक्के कमी भरते. परदेशी पुस्तकांतील किंवा चित्रफितींमधील आकडे १५ अंशांचे आणि समुद्रसपाटीचे असतात, हे लक्षात ठेवून आपला तक्ता आपल्या हवेसाठी मांडावा. चाचणीही शक्यतो सकाळी लवकर घ्यावी.

टर्बो निवडणे

पुणे-हैदराबाद महामार्ग शहरातून जात असल्यामुळे ट्रकची दुरुस्ती करणारी गॅरेजे सोलापुरात भरपूर आहेत आणि बदललेले टर्बो तेथे मिळतात. ज्याच्या कंप्रेसर-चक्राच्या तोंडाचा, म्हणजे इंड्यूसरचा व्यास ६० मिलिमीटरच्या आसपास आहे, असा मोठ्या ट्रकचा टर्बो घ्यावा. मोटारीचा लहान टर्बो टाळावा, कारण त्याची कार्यक्षमता कमी असते आणि ज्वलनकक्ष गैरसोयीचा लहान होतो. टर्बाइनच्या घरात, म्हणजे चक्राभोवतीच्या कवचात, झडप किंवा सरकत्या पात्या नसलेला साधा प्रकार उत्तम. दांडा हाताने फिरवून पाहावा. तो सहज फिरला पाहिजे, पाती कोठेही घराला घासू नयेत, आणि दांडा आत-बाहेर ओढल्यास प्ले, म्हणजे सैल हालचाल, जवळजवळ जाणवू नये. बाजूचा किंचित प्ले या प्रकारच्या बेअरिंगमध्ये असतोच, कारण दांडा तेलाच्या थरावर तरंगतो. पातीची कड तुटलेली, वाकलेली किंवा दगड लागून खरवडलेली दिसली, तर तो टर्बो कितीही स्वस्त असला तरी घेऊ नये. ६० मिलिमीटर तोंडाच्या टर्बोला दुप्पट दाब देण्यासाठी मिनिटाला ७५,००० फेऱ्यांच्या आसपास जावे लागते, आणि त्या वेगाला तुटकी पाती असलेले चक्र यंत्राशेजारी उभ्या असलेल्या माणसासाठी प्राणघातक ठरू शकते. दुरुस्त केलेला मधला भाग वापरायचा असल्यास तो बॅलन्सिंग करून दिला आहे याची लेखी खात्री घ्यावी.

ज्वलनकक्ष

हौशी बांधणी करणाऱ्यांमध्ये रूढ असलेला एक नियम सुरुवातीला पुरेसा आहे. ज्वलननळीचा व्यास इंड्यूसरच्या दुप्पट, लांबी सहापट आणि नळीवरील सर्व छिद्रांचे एकूण क्षेत्रफळ इंड्यूसरच्या क्षेत्रफळाइतके ठेवावे. ६० मिलिमीटरच्या इंड्यूसरसाठी नळी १२० मिलिमीटर व्यासाची आणि ३६० मिलिमीटर लांबीची होईल, आणि छिद्रांचे क्षेत्रफळ सुमारे २,८२७ चौरस मिलिमीटर येईल. त्यातील ३० टक्के क्षेत्र ज्योतीच्या मुळाशी, २० टक्के मध्यभागी आणि ५० टक्के शेवटी द्यावे. छिद्रे अनुक्रमे ६, ८ आणि १२ मिलिमीटरची पाडल्यास त्यांची संख्या साधारण ३०, ११ आणि १२ ते १३ भरते. मुळाशी जाणारी हवा ज्योत पेटती ठेवते, मधली हवा ज्वलन पूर्ण करते, आणि शेवटची हवा वायूला टर्बाइनच्या सोसण्याइतका थंड करते. पहिल्या चाचणीत नळीच्या शेवटच्या टोकाबाहेर ज्योत दिसली, तर मुळाकडचे क्षेत्र अपुरे आहे किंवा इंधनाचा फवारा जाड पडतो आहे, असे समजावे.

बाहेरचे कवच १५० मिलिमीटर आतील व्यासाचे घेतले, तर नळीभोवती हवा फिरायला पुरेशी जागा राहते. कवचासाठी जाड पोलाद चालते. ज्वलननळीसाठी ३०४ दर्जाचे स्टेनलेस स्टील थोड्या काळासाठी टिकते. अधिक चालवायचे असेल, तर ३१० दर्जा शोधावा. जोडकाम वाफेच्या नळ्यांचे काम करणाऱ्या वेल्डरकडून करून घेणे श्रेयस्कर आहे. सोलापूर जिल्ह्यात साखर कारखाने इतके आहेत की बॉयलर आणि वाफेच्या नळ्यांवर आयुष्य घालवलेली माणसे शोधावी लागत नाहीत, आणि हायड्रो-टेस्ट म्हणजे काय हे त्यांना सांगावे लागत नाही. पूर्ण कवच पाण्याने भरून, आतील सर्व हवा काढून, चालू दाबाच्या पाचपट दाबापर्यंत तपासावे. ही चाचणी हवेच्या दाबाने कधीही करू नये.

तेल, आणि तेल नसेल तर बंद पडणे

अशाच एखाद्या साखर कारखान्यातील वाफेच्या टर्बाइनवर काम करणाऱ्या एखाद्या अनुभवी ऑपरेटरला आपला आराखडा अवश्य दाखवावा. तो पहिला प्रश्न तेलाविषयी विचारील आणि दुसरा वेगमर्यादेविषयी. वाफेच्या टर्बाइनमध्ये तेलाचा दाब पडला की यंत्र आपोआप बंद होण्याची सोय असते. आपल्या छोट्या यंत्रातही ती असलीच पाहिजे. विजेवर चालणारा तेलपंप, १५डब्ल्यू-४० इंजिन तेल, गाळणी, दाब २ ते ३ बार, आणि त्या नळीवर दाबाचा एक स्विच, ज्याच्यातून इंधनाच्या विद्युत-झडपेचा प्रवाह जातो. तेलाचा दाब दीड बारखाली आला की इंधन बंद झाले पाहिजे, आणि हे चालू यंत्रावर नव्हे, तर आधी थंड यंत्रावर पंप बंद करून तपासावे.

तेल आत पोहोचवण्याइतकेच ते बाहेर काढणेही महत्त्वाचे आहे. टर्बोमधून तेल केवळ स्वतःच्या वजनाने खाली उतरते. त्यामुळे परतीची नळी किमान २० मिलिमीटर आतील व्यासाची, सरळ खाली जाणारी, कोठेही वर न चढणारी आणि टाकीतील तेलाच्या पातळीच्या वर सुटणारी असावी. ती तुंबली, तर तेल बेअरिंगजवळून टर्बाइनच्या घरात झिरपते आणि पांढरा धूर सुरू होतो. नवशिक्यांना तो इंधनाचा दोष वाटतो आणि ते चुकीच्या ठिकाणी दुरुस्ती करत बसतात.

हवा, इंधन आणि मापे

सोलापुरासाठी एक विशेष सूचना द्यावीशी वाटते. अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीसारख्या ठिकाणी, जेथे टॉवेल आणि चादरींचे यंत्रमाग शेजारी चालतात, तेथे हवेत सुताची भुरभुरीत तंतूधूळ असते. ती कंप्रेसरच्या पात्यांवर तेलकट थर धरते आणि तोंडावरील जाळी काही वेळातच झाकून टाकते. तोंड आवळले की कंप्रेसरचे काम वाढते, इंधन वाढवावे लागते आणि तापमान चढते. म्हणून तोंडापुढे इंड्यूसरच्या क्षेत्रफळाच्या किमान दहापट क्षेत्राची जाळी ठेवावी, ती प्रत्येक चाचणीपूर्वी झटकावी, आणि जाळीची तार सुटून आत जाणार नाही अशी ती पक्की असावी.

पहिल्या चाचण्यांसाठी इंधन म्हणून एलपीजी सोयीचे आहे, कारण ते वायुरूप असल्याने सहज पेटते. स्वयंपाकघरातील १४.२ किलोचे सिलिंडर यासाठी वापरणे नियमबाह्य आहे. १९ किलोचे व्यावसायिक सिलिंडर घ्यावे. घरगुती रेग्युलेटर पाण्याच्या सुमारे ३० सेंटिमीटर स्तंभाइतकाच दाब देतो, तर आपल्या ज्वलनकक्षात बाहेरच्या हवेपेक्षा एक बार अधिक दाब असणार आहे. तेव्हा उच्च दाबाचा रेग्युलेटर आणि ज्योत मागे येऊ न देणारी झडप या दोन्ही गोष्टी आवश्यक आहेत. पूर्ण भाराला ताशी १२ किलोहून अधिक वायू लागतो आणि एका सिलिंडरमधून एवढा वायू सतत निघत नाही. सिलिंडर थंड पडते, दाब उतरतो आणि ज्योत विझते. अशा वेळी सिलिंडर तापवण्याचा विचारही करू नये. एलपीजीवर यंत्र पेटवणे, मंद चालवणे आणि मापे तपासणे एवढेच करावे, आणि त्यानंतर फवारणी नोझल बसवून डिझेलकडे वळावे. डिझेलचा पंप ७ ते १० बार दाब देणारा असावा, म्हणजे फवारा बारीक पडतो.

मापांमध्ये काटकसर करू नये. कंप्रेसरच्या बाहेर, टर्बाइनच्या तोंडाशी आणि धुराड्यात असे तीन के-प्रकारचे थर्मोकपल (तापमान मोजणारे संवेदक), ज्वलनकक्षाचा दाब, तेलाचा दाब व तापमान, आणि दांड्याचा वेग ही सगळी मापे एकाच फलकावर दिसली पाहिजेत. वेगासाठी कंप्रेसरच्या नटावर प्रकाश परतवणारी खूण करून प्रकाशीय संवेदक वापरता येतो. टर्बाइनच्या तोंडाशी ७५० अंश ही कायमची मर्यादा धरावी.

पेटवणे आणि विझवणे

जागा मोकळी, दोन बाजूंनी उघडी आणि गवत-कापूस-सूत यांपासून दूर असावी. यंत्र जमिनीला बोल्टने जखडलेले असावे आणि टर्बोच्या चक्रांभोवती जाड पोलादी पट्ट्याचे कडे असावे. चक्रे ज्या प्रतलात फिरतात, त्या प्रतलात, म्हणजे यंत्राच्या दोन्ही बाजूंना, कोणीही उभे राहू नये. नियंत्रण फलक दूर आणि तिरक्या दिशेला ठेवावा. कानांवर मफ, डोळ्यांवर चष्मा, अंगावर सुती कपडे, हाताशी कोरड्या पावडरीचे आणि कार्बन डायऑक्साइडचे अग्निशामक असावेत. इंधन बंद करण्याचे बटण एका व्यक्तीच्या हातात द्यावे आणि त्या व्यक्तीला दुसरे कोणतेही काम देऊ नये.

प्रथम तेलपंप सुरू करून दाब २ बारवर स्थिर होऊ द्यावा. मग ब्लोअरने कंप्रेसरच्या तोंडातून हवा सोडून दांडा किमान १० ते १५ हजार फेऱ्यांपर्यंत न्यावा. त्यानंतर स्पार्क प्लग चालू करावा आणि शेवटी इंधनाची सूक्ष्म झडप थोडीशी उघडावी. पेट घेतल्याचा धप् असा आवाज येतो आणि टर्बाइनच्या तोंडाशी तापमान लगेच चढू लागते. पाच-सहा सेकंदांत पेट घेतला नाही, तर इंधन बंद करावे आणि ब्लोअर निदान एक मिनिट चालू ठेवून आत साठलेला वायू बाहेर काढावा. हे न करता पुन्हा पेटवले, तर साठलेले इंधन एकदम भडकते. पेट घेतल्यानंतर ब्लोअर लगेच काढण्याची घाई होते, ती टाळावी. हवा कमी पडली की तेच इंधन अधिक तापमान निर्माण करते आणि वेग मात्र वाढत नाही. इंधन हळूहळू वाढवत, ब्लोअरची मदत घेत, वेग आपोआप चढू लागेपर्यंत थांबावे. तापमान मर्यादेपलीकडे गेले, तर इंधन तोडावे, हवा कधीही तोडू नये.

चालू असताना धडधड असे दचके ऐकू आले, तर तो सर्ज आहे: कंप्रेसर दाबाविरुद्ध हवा ढकलू शकत नाही आणि प्रवाह उलटतो आहे. इंधन ताबडतोब कमी करावे आणि पुढच्या चाचणीपूर्वी धुराड्याचे तोंड थोडे मोठे करावे. यंत्र बंद करताना एक-दोन मिनिटे मंद चालवावे, इंधन तोडावे, ब्लोअरने तापमान १५० अंशांखाली आणावे आणि त्यानंतरही दहा मिनिटे तरी तेल फिरवत ठेवावे. तापलेल्या चक्राची उष्णता दांड्यातून बेअरिंगकडे येते आणि तेथे थांबलेले तेल करपून कडक होते. टर्बो निकामी होण्याचे हे नेहमीचे कारण आहे आणि ते पूर्णपणे आपल्या हातात आहे.

भार देणे

यंत्र स्वतःच्या बळावर चालू लागले म्हणजे अर्धे काम झाले. आता उरलेल्या दाबातून शक्ती काढून मोजायची आहे. अनेक जण येथे थेट गिअर आणि जनित्राकडे वळतात. मी तसे सुचवणार नाही. पहिल्या टर्बोच्या धुराड्याला दुसरा, अधिक मोठ्या घराचा टर्बो जोडावा. वायू प्रसरण पावलेला असल्यामुळे त्याला जागा जास्त लागते. या दुसऱ्या टर्बोचा कंप्रेसर काढू नये. तो हवा ओढून एका झडपेतून बाहेर सोडील आणि तोच आपला भार होईल. त्यातून वाहणाऱ्या हवेचे प्रमाण आणि तापमानातील वाढ मोजली की शक्तीचा आकडा मिळतो, आणि अतिवेगाच्या दांड्याला काहीही जोडावे लागत नाही. झडप उघडता-मिटता भार बदलतो. या मांडणीवर मंद गतीचा, अर्ध्या भाराचा आणि पूर्ण भाराचा इंधनखर्च वेगवेगळा नोंदवावा. अर्ध्या भाराला शक्ती निम्मी होते, पण इंधन निम्मे होत नाही, हे आपल्या वहीत आपल्या अक्षरात उमटले पाहिजे. सुरुवातीला टर्बाइन चाकांना जोडू नये असे म्हटले, त्याचा पुरावा हाच तक्ता असेल.

उष्णता परत मिळवण्याचा मोह पुढे होतो. धुराड्यातून ६२० अंशांचा वायू बाहेर जातो आणि कंप्रेसरमधून १४० अंशांची हवा येते. धुराड्याची उष्णता या हवेला देणारा, ८० टक्के परिणामकारकतेचा उष्णता-विनिमयक बसवला, तर कागदावर इंधन जवळजवळ एक तृतीयांशावर येते. क्रायस्लरच्या गाडीत यासाठी दोन फिरते रीजनरेटर होते. रोव्हर-बीआरएमची गाडी १९६३ साली ल मान्सच्या शर्यतीत त्यांच्याविना धावली आणि १९६५ साली सिरॅमिकच्या रीजनरेटरसह धावून दहावी आली; वेग कमी होता, पण इंधनखर्चही जवळपास निम्मा होता. आपल्या यंत्रात मात्र हा लाभ सहजी मिळणार नाही. विनिमयकातून जाताना दोन्ही बाजूंना दाब जरी तीन-तीन टक्के पडला, तरी आपल्याकडे उरलेले १.११ हे गुणोत्तर १.०४ वर येते आणि शक्ती निम्म्याहून अधिक नाहीशी होते. प्रथम कंप्रेसरची जुळणी सुधारून दाबगुणोत्तर ३ च्या पुढे न्यावे आणि मगच विनिमयकाला हात घालावा. व्यावसायिक सूक्ष्म-टर्बाइनमध्ये काय साधले जाते, ते पाहायचे असेल, तर कॅपस्टोन कंपनीचे ३० किलोवॅटचे यंत्र लक्षात घ्यावे: मिनिटाला ९६,००० फेरे, हवेवर तरंगणारी बेअरिंगे, त्याच दांड्यावर जनित्र आणि सुमारे २६ टक्के कार्यक्षमता.

गाडीपर्यंत

सुमारे ९०० किलोच्या लहान गाडीला सपाट रस्त्यावर ताशी ६० किलोमीटरने जाण्यासाठी साधारण साडेतीन किलोवॅट आणि ८० किलोमीटरने जाण्यासाठी सहा किलोवॅटच्या आसपास शक्ती चाकांवर लागते. चढ आणि वेग घेणे यांसाठी याच्या कित्येक पट शक्ती लागते, पण ती थोड्या वेळापुरती असते आणि बॅटरी ती देऊ शकते. म्हणजे टर्बाइनने फक्त सरासरी भागवायची. आपले साडेचार किलोवॅट जनित्र, नियंत्रक आणि मोटर यांतून जाताना तीन-चतुर्थांश उरले, तरी ताशी ६० किलोमीटरची सरासरी काठावर भागते. डिझेल मात्र लिटरला चार किलोमीटरही पुरणार नाही. हा आकडा विद्यार्थ्यांनी प्रकल्प-अहवालात लपवू नये. त्याच्या शेजारी कार्यक्षमता २६ टक्के असती तर काय झाले असते, हा दुसरा हिशेब मांडावा, आणि दोन्हींमधील दरी कंप्रेसर, तापमान आणि उष्णता परतावा यांपैकी कशाने किती भरते, ते दाखवावे. परीक्षकांसाठी आणि स्वतःसाठीही अहवालाचा सर्वांत मोलाचा भाग तोच असेल.

चाचणीची गाडी म्हणून विजेवर चालणारी जुनी हलकी चौकट घ्यावी, बॅटरी आणि मोटर आधी स्वतंत्रपणे चालवून पाहावी, आणि टर्बाइन-जनित्राचा संच सुरुवातीला गाडीबाहेर ठेवून केवळ केबलने जोडावा. तो बॅटरी ठरावीक पातळीखाली आली की पूर्ण भाराला सुरू व्हावा आणि वरची पातळी गाठली की बंद व्हावा. मधल्या भाराला त्याला चालवूच नये. सुरू आणि बंद होण्याच्या प्रत्येक खेपेला तेल फिरवण्याचा आणि थंड करण्याचा वेळ लागतो, म्हणून बॅटरी इतकी मोठी असावी की टर्बाइन एका खेपेला निदान अर्धा तास तरी सलग चालेल. साडेतीन किलोवॅटच्या जनित्रासाठी सुमारे दोन युनिट वापरण्याजोगी साठवण पुरेशी आहे.

अशी गाडी सार्वजनिक रस्त्यावर आणता येत नाही. नोंदणीकृत वाहनाचे इंजिन मनाप्रमाणे बदलण्यास मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ ने मनाई केली आहे, आणि नव्या नमुन्याच्या वाहनाला केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १२६ प्रमाणे पुण्याच्या एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेसारख्या अधिकृत संस्थेकडून चाचणी करून घ्यावी लागते. तोपर्यंत महाविद्यालयाचे कुंपणाच्या आतील मैदान किंवा मालकाची लेखी परवानगी घेतलेली कारखान्याची मोकळी जागा वापरावी, चाचणीची वेळ शेजाऱ्यांना आदल्या दिवशी कळवावी, आणि प्रत्येक चाचणीच्या नोंदीत त्या वेळचे हवेचे तापमान व दाब न चुकता लिहावा, म्हणजे जानेवारीचे आणि मेचे आकडे एकमेकांशेजारी ठेवता येतील.